क्लोंडाइक, १८९६–९९ : वाटून झालेल्या सोन्यासाठी चढलेला घाट

कॅनडाच्या वायव्य टोकाला, क्लोंडाइक नदीच्या खोऱ्यात, ऑगस्ट १८९६ मध्ये सोने सापडले आणि त्याची बातमी फुटल्यावर सुमारे एक लाख माणसे घरदार सोडून तिकडे निघाली. त्यांतली तीस ते चाळीस हजार प्रत्यक्ष पोहोचली. सोने हाती लागले ते जेमतेम चार हजारांच्या, आणि त्यांतही जन्माचे भले झालेले मोजकेच. या विदारक हिशोबाचे खापर सहसा थंडी, बर्फ आणि दुर्गम वाट यांच्यावर फोडले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. कॅलिफोर्निया (१८४८) आणि ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया (१८५१) इथल्या गोल्ड रशशी, म्हणजे सोन्यासाठी उडालेल्या झुंबडीशी, क्लोंडाइकची तुलना केली, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. हाल निसर्गाने केले हे खरे, परंतु ते कोणाच्या वाट्याला आले आणि त्यांच्या बदल्यात हाती काय लागण्याची शक्यता उरली, हे बातमी पोहोचण्याच्या वेळेने आणि जमीन वाटण्याच्या नियमांनी ठरवले. क्लोंडाइकचे प्रकरण या दृष्टीने सर्वांत स्वच्छ आहे, कारण तिथे शोध आणि झुंबड यांच्यामध्ये जवळजवळ वर्षभराचे अंतर पडले होते.

शोध आणि वाटप

१६ ऑगस्ट १८९६ रोजी जॉर्ज कारमॅक, त्याची टॅगिश या मूळ रहिवासी जमातीतली पत्नी केट, तिचा भाऊ स्कूकम जिम आणि त्यांचा भाचा डॉसन चार्ली ही मंडळी क्लोंडाइकला मिळणाऱ्या रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यावर होती. सोने पहिल्यांदा नेमके कोणाच्या नजरेस पडले, याबद्दल कारमॅकचे सांगणे वेगळे आणि टॅगिश लोकांच्या मौखिक परंपरेत स्कूकम जिमचे नाव. नोंद मात्र कारमॅकच्या नावे झाली. कॅनडाच्या नियमानुसार एका माणसाला ओढ्याच्या लांबीने सुमारे ५०० फुटांचा, म्हणजे दीडशे मीटरचा, एक पट्टा खुंट्या ठोकून आपला म्हणता येत असे. शोध लावणाऱ्याला एक पट्टा जास्तीचा मिळे. खुंट्या ठोकल्यानंतर फोर्टीमाइल या वस्तीत जाऊन पट्ट्याची नोंद करावी लागे.

कारमॅकने फोर्टीमाइल गाठले आणि ती वस्ती जवळजवळ एका रात्रीत ओस पडली. ऑगस्ट संपेपर्यंत रॅबिट क्रीक, ज्याला आता बोनान्झा म्हणू लागले होते, पूर्ण वाटून गेला. त्याला मिळणारा एल्डोराडो हा छोटा ओढा त्याहून श्रीमंत निघाला आणि तोही लवकरच संपला. इथे रॉबर्ट हेंडरसनची गोष्ट सांगितलीच पाहिजे. याच परिसरात तो दोन वर्षे सोने शोधत होता आणि कारमॅकला इकडे शोध घ्यायला सुचवणाराही तोच होता. शोध लागला त्या वेळी तो डोंगराच्या धारेपलीकडच्या ओढ्यावर काम करत होता. बातमी त्याच्यापर्यंत आली तेव्हा बोनान्झावर घेण्याजोगे काही उरले नव्हते. पलीकडच्या ओढ्यावरच्या माणसाची ही गत, तर सिएटल आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या माणसाची काय होणार, हे तेव्हाच ठरून गेले होते.

नंतर सरकारी मोजणीदार विल्यम ओगिल्वी यांनी पट्टे नव्याने मोजले, तेव्हा घाईघाईत ठोकलेल्या खुंट्यांमुळे दोन पट्ट्यांच्या मध्ये एक पंचवीसेक मीटरची चिंचोळी पाचर मोकळी निघाली. मोजणीच्या कामावर असलेल्या डिक लो नावाच्या माणसाने, ती विकत घेणारा कोणी मिळेना म्हणून, स्वतःच खणायला घेतली आणि तिच्यातून काही लाख डॉलरचे सोने निघाले. सोन्याच्या प्रदेशात मोजणीची साखळी कुदळीइतकीच मोलाची असते, हे यावरून ध्यानात येते.

हिवाळ्यात युकॉन नदी गोठली आणि बातमी आत अडकून पडली. बाहेरच्या जगाला ती कळली ती जुलै १८९७ मध्ये, जेव्हा ‘एक्सेल्सियर’ हे जहाज सॅन फ्रान्सिस्कोला आणि ‘पोर्टलंड’ १७ जुलैला सिएटलला लागले आणि फळ्यांवरून माणसे सोन्याने भरलेल्या बॅगा, डबे आणि ब्लँकेटांची गाठोडी ओढत उतरली. सिएटलच्या वर्तमानपत्राने जहाजावर एक टन सोने असल्याचे छापले. १८९३ पासून अमेरिका मंदीत होरपळत होती, बँका बुडाल्या होत्या, कामे गेली होती. अशा माणसांना ही बातमी म्हणजे बुडत्याला काडीचा आधार होती, आणि म्हणूनच त्यांना अविचारी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. सिएटलचे महापौरही राजीनामा देऊन निघाले. निघालेल्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक होते की ज्या ओढ्यांची नावे ते घोकत आहेत, ते अकरा महिन्यांपूर्वीच लोकांच्या नावे लागले आहेत.

एक टन सामान

१८९७ च्या हिवाळ्यात क्लोंडाइकच्या मुखाशी उभ्या राहिलेल्या डॉसन गावात अन्नाचा तुटवडा पडला. धान्य आणणाऱ्या आगबोटी नदीत अडकल्या आणि गावातल्या अधिकाऱ्यांनीच लोकांना खाली फोर्ट युकॉनकडे निघून जाण्याचा सल्ला दिला. त्यानंतर कॅनडाच्या नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिसांनी हद्दीवरच्या खिंडींमध्ये चौक्या बसवल्या आणि वर्षभराचे अन्न व साहित्य बरोबर नसेल त्याला आत सोडायचे नाही, असा दंडक घातला. अन्न आणि अवजारे मिळून ते ओझे एका टनाच्या, म्हणजे सुमारे ९०० किलोंच्या घरात जाई. तेव्हाच्या दुकानदारांच्या याद्यांमध्ये एका माणसासाठी साधारण १८० किलो पीठ, ६८ किलो बेकन आणि ५७ किलो बीन्स असत. त्याखेरीज तंबू, चूल, करवत, कुऱ्हाड, खिळे, दोर आणि होडीच्या फटी बुजवायला डांबर.

हे सामान घेऊन लोक अलास्काच्या किनाऱ्यावरच्या डाये इथे उतरत आणि चिल्कूट खिंडीच्या वाटेला लागत. डायेपासून बेनेट तलावापर्यंत ही वाट ५३ किलोमीटरची आहे. अंतर म्हणून ते काहीच नाही. आपल्याकडचा वारकरी त्याहून कितीतरी जास्त चालतो. अडचण अंतराची नव्हती, फेऱ्यांची होती. एका खेपेला पाठीवर पंचवीस-तीस किलो धरले, तर ९०० किलोंना किमान तीस खेपा होतात, आणि प्रत्येक खेपेनंतर रिकाम्या पाठीने परत यावे लागते. सपाटीवर घसरगाडीमुळे काही फेऱ्या वाचत, चढणीवर वाचत नसत. एकेका माणसाने या ५३ किलोमीटरांसाठी दीड हजार किलोमीटरांहून अधिक पायपीट केली आणि अनेकांचे त्यात तीन महिने गेले.

खिंडीच्या पायथ्याशी ‘द स्केल्स’ नावाची जागा होती, कारण तिथे हमाल ओझी पुन्हा तोलून दर वाढवून मागत. तिथून माथ्यापर्यंत, म्हणजे १,०६७ मीटर उंचीपर्यंत, शेवटची तीनशे मीटरची चढण जवळजवळ उभी. हिवाळ्यात बर्फात कुऱ्हाडीने सुमारे पंधराशे पायऱ्या खोदल्या होत्या आणि कडेला आधाराचा दोर बांधला होता. पायऱ्या एका माणसापुरत्या रुंद. म्हणून सगळे एकामागे एक, एकाच चालीने, पुढच्याच्या टाचेवर नजर ठेवून चढत. दम लागला म्हणून कोणी रांगेतून बाजूला खोदलेल्या खोबणीत टेकला, तर रांगेत पुन्हा शिरायला त्याला तासन्‌तास वाट पाहावी लागे, कारण मागचा माणूस जागा सोडत नसे. माथ्यावर ओझे बर्फात ठेवायचे, खुणेसाठी शेजारी काठी रोवायची, कारण रात्रीच्या बर्फवृष्टीत ढीग दिसेनासा होई, आणि मग बुडाखाली फावडे घेऊन घसरत खाली यायचे. काही मिनिटांत खाली, आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला. हे किमान तीस वेळा.

ही वाट मुळात ट्लिंगिट या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांची होती. किनारा आणि आतला प्रदेश यांच्यामधला व्यापार त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथून चालवला होता आणि गर्दीच्या पहिल्या काळात ओझी वाहून त्यांनी चांगला मोबदलाही मिळवला. त्यांना डोंगर कळत होता. मार्च १८९८ च्या अखेरीस जोरदार बर्फ पडल्यानंतर अनुभवी वाहकांनी वर जायला नकार दिला. ३ एप्रिल रोजी, पाम संडेच्या दिवशी, खिंडीखालच्या शीप कॅम्प या मुक्कामाच्या वरच्या अंगाला हिमकडे कोसळले आणि साठाहून अधिक माणसे गाडली गेली. शीप कॅम्पमधून धावत आलेल्या लोकांनी बर्फात समांतर चर खोदून माणसे शोधली. काही जिवंत निघाली. मृतांपैकी अनेकांचे दफन डायेजवळ झाले आणि तिथल्या लाकडी पाट्यांवर एकामागून एक तीच तारीख वाचायला मिळते. त्या पाट्यांवरची माणसे सोन्यापासून अजून शेकडो किलोमीटर दूर होती.

शेजारच्या स्कॅगवेहून जाणारी व्हाइट पास ही दुसरी वाट कमी उंचीची, म्हणून घोड्यांची. चिखल, धोंडे आणि बेसुमार ओझे यांनी तिथे सुमारे ३,००० घोडी मेली आणि वाटेला ‘डेड हॉर्स ट्रेल’ हे नाव कायमचे चिकटले. त्या जनावरांपैकी बहुतेक सिएटलमध्ये घाईने विकलेली, आधीच थकलेली होती, आणि ती हाकणाऱ्यांपैकी अनेकांनी आयुष्यात कधी घोड्यावर ओझे बांधले नव्हते. माणसे निदान आपल्या मर्जीने आली होती.

एक टनाच्या नियमाबद्दल निवाडा करताना दोन्ही बाजू धरून ठेवाव्या लागतात. या नियमानेच पायऱ्यांवरच्या फेऱ्या तीसपट केल्या, आणि हिमकडा कोसळला तेव्हा इतकी माणसे त्या उतारावर होती, त्याचे एक कारण तो होता. पण तो नसता, तर १८९८ च्या हिवाळ्यात डॉसनमध्ये हजारो माणसे अन्नावाचून अडकली असती. खिंडीवरचे पोलीस अधीक्षक सॅम स्टील यांनी पुढे बेनेट तलावावर प्रत्येक होडीला क्रमांक दिला, आतल्या माणसांची नावे लिहून घेतली, आणि व्हाइटहॉर्सच्या धावत्या पाण्यात होड्या फुटू लागल्यावर स्त्रिया व मुलांनी काठाने चालत जावे आणि होडी जाणत्या नावाड्यानेच न्यावी, असा हुकूम काढला. माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणात सरकारी यंत्रणेने केलेले हे सर्वांत नेटके काम आहे. तरीही एक गोष्ट खटकत राहते. तुझ्याकडे वर्षाचे अन्न आहे का, हे त्या चौकीवर प्रत्येकाला विचारले गेले. पुढे मोकळा पट्टा जवळजवळ उरलेला नाही, हे कोणाला सांगणे त्या चौकीचे काम नव्हते.

दोघांनी ओढायच्या लांब करवतीने झाडांच्या फळ्या पाडून लोकांनी हिवाळाभर होड्या बांधल्या. एक जण वर ओंडक्यावर, दुसरा खाली, डोळ्यांत भुसा झेलत. जिवाभावाच्या कित्येक जोड्या या करवतीवर तुटल्या. २९ मे १८९८ रोजी तलावाचा बर्फ फुटला आणि काही दिवसांत सात हजारांहून अधिक होड्या सुमारे आठशे किलोमीटर दूरच्या डॉसनकडे निघाल्या.

पट्टा असलेल्यांचे हाल

ज्यांना सोने मिळाले त्यांचेही काम सोपे नव्हते. क्लोंडाइकमध्ये सोने असते ते ओढ्याच्या जुन्या गाळाच्या तळाशी, खडकाला लागून, आणि वरची सगळी जमीन बारमाही गोठलेली. कुदळ तिच्यावरून उडते. म्हणून उन्हाळ्यात नव्हे, तर हिवाळ्यात खणायचे. संध्याकाळी खड्ड्यात लाकडे पेटवायची, रात्रभर जळू द्यायची, सकाळी राख आणि वितळलेला हातभर चिखल उपसायचा, पुन्हा पेटवायचे. असे करत पाच-दहा मीटर खाली तळखडक गाठायचा आणि मग आडवे भुयार काढत जायचे. खाली उरलेला धूर आणि विषारी वायू, डोळ्यांची आग, वर रहाटावर उणे चाळीस-पन्नास अंशांत उभा असलेला जोडीदार. वर काढलेला गाळ पुन्हा दगडासारखा गोठे. त्या ढिगात सोने किती, हे परातीत बर्फ वितळवून थोडेथोडे धुऊन पाहता येई. खरा हिशोब मे-जूनमध्ये पाणी वाहू लागल्यावर लाकडी पन्हळीत गाळ धुतल्यावरच लागे. आपल्याकडचे झारेकरी सराफ बाजारातली माती आणि राख धुऊन सोन्याचे कण काढतात, तेच तत्त्व इथे होते: सोने जड, ते तळाशी बसते, बाकीचे पाण्याबरोबर जाते. फरक इतकाच, की इथे त्या धुण्याआधी सात-आठ महिन्यांची आग आणि उपसा होता.

आहारात ताजे काही नसल्यामुळे स्कर्व्ही पसरे. हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा उघडत. स्प्रूसच्या पानांचा काढा हा तिथल्या लोकांना ठाऊक असलेला उपाय होता. १८९८ च्या उन्हाळ्यात डॉसनच्या दलदलीवर तीस हजारांची वस्ती सांडपाण्याच्या कोणत्याही सोयीविना उभी राहिली आणि विषमज्वराची साथ आली. फादर विल्यम जज यांनी उभारलेल्या रुग्णालयात खाटा पुरत नव्हत्या. जानेवारी १८९९ मध्ये ते स्वतःही न्यूमोनियाने गेले.

तुलना : कॅलिफोर्निया आणि बॅलरॅट

कॅलिफोर्नियात २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा इथे जेम्स मार्शल याला सोने दिसले, आणि पुढच्या काही वर्षांत तीनेक लाख माणसे आली. केप हॉर्नला वळसा घालून सहा-सात महिन्यांचा सागरी प्रवास, पनामाच्या जंगलातला हिवताप, जमिनीवरच्या वाटेवर प्लॅट नदीकाठी पटकी. वाटेतल्या मृत्यूंच्या संख्येत कॅलिफोर्निया क्लोंडाइकपेक्षा कितीतरी पुढे आहे. परंतु तिथे सोन्याचा टापू शेकडो किलोमीटर लांब पसरलेला होता, आणि सुरुवातीला ना सरकार होते ना कायदा. खाणकरी सभा घेऊन पट्ट्याची लांबी ठरवत आणि काही दिवस काम बंद पडले की पट्टा दुसऱ्याला मोकळा होई. उशिरा आलेल्यालाही परात बुडवायला कुठेतरी पाणी सापडे. मात्र रोजची मिळकत, जी १८४८ मध्ये सुमारे वीस डॉलर असल्याचा अंदाज आहे, ती १८५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तीन डॉलरवर आली. सरकार नसण्याची खरी किंमत इतरांनी मोजली. १८५० मध्ये परदेशी खाणकऱ्यांवर महिना वीस डॉलरचा कर बसला, त्याचा मार मेक्सिकन आणि चिली लोकांवर पडला. आणि मूळ रहिवाशांची संख्या रोगराई, उपासमार आणि उघड हत्यांनी सुमारे दीड लाखावरून दोन दशकांत तीस हजारांवर आली. कोणत्याही खाणकऱ्याचे हाल सांगताना हा आकडा नजरेआड करता येत नाही.

व्हिक्टोरियातल्या बॅलरॅटची अडचण उलटी होती. तिथे सरकार होते, आणि फार जवळ होते. १८५१ पासून व्हिक्टोरियात प्रत्येक खणणाऱ्याने महिना तीस शिलिंगचा परवाना काढायचा, सोने मिळो वा न मिळो. बॅलरॅटचे सोने खोल पुरलेल्या जुन्या नदीपात्रांत होते. तीस-चाळीस मीटर खोल खड्डा घ्यायला कित्येक महिने लागत, जमीन ओली असल्याने भिंती कोसळू नयेत म्हणून लाकडी फळ्यांनी बांधून काढाव्या लागत, आणि शेवटी तळाला पात्र सापडलेच नाही असेही वारंवार होई. (क्लोंडाइकच्या गोठलेल्या भिंतींना आधार लागत नसे, ही तिथल्या थंडीची एकमेव सोय.) या महिन्यांत मिळकत शून्य, परवाना मात्र चालू. पोलीस परवाने तपासायला झडती घालत, तेव्हा तळाशी काम करणाऱ्याला सगळे सोडून वर यावे लागे आणि कागद तंबूत राहिला असेल तर दंड किंवा साखळदंड. ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे युरेका इथल्या मोर्चेबंदीवर सैन्य आणि पोलीस चालून गेले आणि किमान २२ खाणकरी मारले गेले. चौकशी आयोगानंतर १८५५ मध्ये मासिक परवाना जाऊन वर्षाला एक पौंडाचा ‘मायनर्स राइट’ आला, ज्यात मताधिकारही होता, आणि कर मुख्यतः निर्यात होणाऱ्या सोन्यावर बसला. त्याच वर्षी चिनी प्रवाशांवर डोईपट्टी लागली, म्हणून ते शेजारच्या वसाहतीत रोब बंदरावर उतरून चारशेहून अधिक किलोमीटर चालत खाणींवर येऊ लागले.

क्लोंडाइकमध्ये कॅनडा सरकारने निघालेल्या सोन्यावर दहा टक्के स्वामित्वधन घेतले. खाणकऱ्यांनी त्याविरुद्ध बरीच ओरड केली, पण रिकाम्या हाताच्या माणसाकडून महिन्याला पैसे वसूल करण्यापेक्षा हे निश्चितच बरे होते. तिथे युरेका घडली नाही याचे हे एक कारण, आणि दुसरे असे की १८९८ मध्ये आलेल्या बहुसंख्यांकडे भांडण्यासाठी पट्टाच नव्हता.

जून १८९८

होड्या डॉसनला लागल्या तेव्हा काठावर त्यांच्या रांगा एकीला एक बांधून उभ्या राहिल्या. माणसे उतरली, चिखलाच्या रस्त्यांवर आठवडेच्या आठवडे हिंडली, आणि ज्यासाठी आली होती ते ओढे पाहायलाही अनेक जण गेले नाहीत. काहींनी दुसऱ्याचा पट्टा अर्धेलीने करायला घेतला. काही मजुरीला लागले, पण हजारो हात एकदम आल्यामुळे मजुरीचा दर घसरला. उरलेल्यांनी पायऱ्यांवरून पाठीवर वाहिलेले पीठ आणि बेकन विकून परतीचे तिकीट काढले. थोड्या नवख्यांनी मात्र जुन्या जाणत्यांचे हसणे मनावर न घेता ओढ्यांऐवजी टेकड्यांचे उतार खणले आणि तिथे प्राचीन प्रवाहाचा सोनेरी गाळ सापडला. चिचाको हिल, म्हणजे नवख्यांची टेकडी, हे नाव तिथूनच आले.

क्लोंडाइकच्या मुखाशी ट्रॉन्डेक ह्वेचिन या मूळ रहिवाशांचा सॅमन मासेमारीचा तळ होता. झुंबडीने तो गिळला. त्यांचे प्रमुख चीफ आयझॅक यांनी १८९७ मध्ये आपल्या लोकांना पाचेक किलोमीटर खाली मूसहाइड इथे हलवले. ते त्या खोऱ्यात कुठूनही आले नव्हते, आणि पट्ट्यांच्या नोंदवहीत त्यांच्यासाठी जागा नव्हती.

१८९९ च्या उन्हाळ्यात अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर नोम इथे समुद्रकाठच्या वाळूत सोने सापडल्याची बातमी डॉसनला आली, आणि सुमारे आठ हजार माणसे नदीवाटे तिकडे निघाली. नोमच्या वाळूत सोने एल्डोराडोपेक्षा पुष्कळच विरळ होते. परंतु भरती-ओहोटीच्या पट्टीवर कोणाला खुंटी ठोकता येत नव्हती. फावडे घेऊन जो उभा राहील, त्याच्या पायाखालची वाळू तो उभा असेपर्यंत त्याची होती.